पाणी कुठं आणि होडी कधी?

१६७९चा ऑगस्ट संपत आला होता. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात खांदेरी नावाचं एक छोटं बेट आहे. दोन टेकड्या, मधे थोडी सपाटी, बाकी खडक. पावसाळा पुरता ओसरलेला नव्हता, आणि शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन तिथं उतरला. मुंबई तेव्हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडं होती. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठे दगड रचायला लागलेत म्हटल्यावर तिथं धावपळ सुरू झाली. बेट आमचं आहे, निघून जा, असा निरोप इंग्रजांनी पाठवला. धन्याचा हुकूम आल्याशिवाय हलणार नाही, असं मायनाकनं कळवलं.

पुढचं सगळं पुस्तकांत लढाईच्या भाषेत येतं. मला मात्र त्या पहिल्या रात्रीचं कुतूहल आहे. तट नाही, छप्पर नाही, चहूबाजूंनी भरतीचं पाणी. किल्ला पुढं व्हायचा होता. त्याआधी या माणसांना तिथं नुसतं राहायचं होतं. झोपायचं कुठं, भात शिजवायचा कशावर, प्यायचं काय, आणि उद्या सामान घेऊन येणारी होडी आलीच नाही तर? असल्या रात्रीबद्दल कुणी लिहून ठेवत नाही. पण खांदेरीची लढाई खरं तर या शेवटच्या प्रश्नाचीच लढाई होती.

सप्टेंबरात इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं उभी केली. त्यांचं गणित सोपं होतं: बेटावरची माणसं लढून हरायची गरज नाही, त्यांची होडी अडवली की झालं. थॉर्प नावाचा अधिकारी उतावीळपणे बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी समोरासमोर मोठी चकमक झाली. त्यात इंग्रजांचं एक गलबत मराठ्यांच्या हाती लागलं, पण त्यांच्या 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजानं मराठ्यांना मागं रेटलं. कागदावर कोण जिंकलं यावर अजून वाद घालता येईल. पण रात्र झाली की थळ आणि नागावच्या बाजूनं मराठ्यांच्या छोट्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या निघायच्या आणि इंग्रजांच्या जड जहाजांच्या मधून निसटून बेटाला लागायच्या. वारा पडला की मोठं जहाज जागेवर डुलत राहतं, वल्ह्यांची होडी मात्र जाते. धान्य, माणसं, दारूगोळा, सगळं असंच पोचत राहिलं. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतलं. खांदेरी मराठ्यांकडं राहिली. त्याच महिन्यात जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडलं. म्हणजे राहायची सोय लागली, आणि लगेच शेजारीही असा मिळाला.

हे सगळं मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर वाचत बसले, त्याला कारण एक एक्सेल शीट होती.

आम्ही अकरा जण डिसेंबरात मालवणला जाणार होतो. आई, आण्णा, आत्या, काका-काकू, चार चुलत-आते भावंडं, मी आणि दादाचा पाच वर्षांचा मुलगा. यवतहून मालवण म्हणजे वाटेत जेवणखाण धरून सगळा दिवस जातो. शीट दादानं केलेली. तारकर्ली, देवबाग, मालवण गाव आणि त्याची सगळ्यात लाडकी कल्पना: 'बेटावर कुठं राहता आलं तर!' कॉलम होते रात्रीचं भाडं, एसी, समुद्र किती पावलांवर, रिव्ह्यू किती स्टार. मी दिवसभर ऑफिसात असल्याच शीटा बघते, त्यामुळं मला ती बरी वाटली. आत्यानं मोबाईल डोळ्यांजवळ धरून शीट खालीवर केली आणि विचारलं, "यात पाण्याचं कुठं लिवलंय? गोडं हाय का मचूळ?" मग थोडं थांबून, आण्णांकडं न बघता, "आन् दवाखाना?"

आण्णांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेली आहे. त्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण बोललं की ते चिडतात.

आत्याचे प्रश्न आले कुठून, ते आमच्या गावाकडं बघितलं की कळतं. यवत हे तुकोबांच्या पालखीचं मुक्कामाचं गाव. लोणी काळभोरहून निघालेली पालखी संध्याकाळी येते, काळभैरवनाथाच्या देवळात उतरते, आणि गावभर पिठलं-भाकरीचा वास सुटतो. पालखीचा हा रिवाज तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५मध्ये सुरू केला, म्हणजे खांदेरीनंतर जेमतेम सहा वर्षांनी. आमच्याकडं एक दिंडी दरवर्षी उतरते. पण दिंडीच्या आधी येतो दिंडीचा माणूस. तो चहाचा कप हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारतो: बोअरला पाणी आहे का, आणि लाईट कधी जाते. बाकी खोल्या किती, पंखे किती, याला तो फार किंमत देत नाही. झोपायला अंगण चालतं. शेकडो वर्षं लाखो माणसांचा मुक्काम रोज हलवत नेणाऱ्या व्यवस्थेची चेकलिस्ट एवढी छोटी आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. आत्या लहानपणापासून तो माणूस बघत आलीय.

मग मी शीटमध्ये दोन कॉलम वाढवले, आणि आपल्या आधी बेटांवर राहायला गेलेल्यांनी काय विचारलं असेल ते शोधायला लागले.

मराठीत याचं सगळ्यात रोखठोक उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. किल्ला कसा बांधावा हे सांगताना ते आधी पाण्यावर येतात. पाणी बघून मगच बांधा. पाणी नाही आणि जागा सोडवत नसेल, तर पहिल्यांदा खडक फोडून टाकी करा, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरली पाहिजेत. पुढचा सल्ला मला विशेष आवडतो. गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. म्हणून जास्तीची टाकी करून ठेवा आणि त्यातलं पाणी जपा. आमच्या कामात याला बॅकअप म्हणतात आणि त्यासाठी क्लाउड कंपनीला दरमहा पैसे मोजतात. अमात्यांनी तो खडकात खोदायला सांगितला होता. तोफेच्या हादऱ्यानं झरा खरंच आटतो का, ते भूगर्भवाले सांगतील. पण भर वेढ्यात पाण्याचा एकच स्रोत हाताशी असणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

सिंधुदुर्ग या कसोटीवर बघितला की वेगळाच दिसतो. मालवणसमोरचं कुरटे बेट महाराजांनी निवडलं आणि २५ नोव्हेंबर १६६४ला किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कामाला सुरुवात झाली. साधारण तीन वर्षं काम चाललं. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, त्याच्या कडेनं नागमोडी तट, पायात ओतलेलं शिसं, बुरुजांच्या आड लपवलेला दरवाजा. गाईड हे सगळं तोंडपाठ सांगतात आणि फोटोही त्याचेच निघतात. आतल्या तीन विहिरी मात्र बहुतेकांच्या दोन मिनिटांत बघून होतात: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. नावंच बघा. दूध, दही, साखर. पाण्याला इतकी लाडाची नावं तिथंच पडतात जिथं ते असण्याची खात्री नसते. शिसं आणून ओतता येतं, दगड आणून रचता येतो. गोडं पाणी आणता येत नाही, ते असलेली जागा निवडावी लागते. कुरटे बेटाची निवड उत्तम होती याचा पुरावा मला तटापेक्षा या तीन विहिरींत जास्त दिसतो.

मुरुडच्या जंजिऱ्याचंही तसंच. 'जंजिरा' म्हणजे मुळात अरबी 'जझीरा', बेट. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली, पण मुघल फौज येतेय म्हटल्यावर त्यांना परतावं लागलं. बेटावरचे लोक आत पाणी पीत बसू शकत होते, वेळ त्यांच्या बाजूनं होता. याच बेटाची त्याआधीची एक गोष्ट सांगतात, ती मात्र आख्यायिका म्हणूनच घ्यायची. तिथं आधी कोळ्यांचा मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा म्होरक्या. निजामशाहीचा पिरमखान व्यापारी बनून आला, जहाज थकलंय, एका रात्रीपुरता आसरा द्या म्हणाला, वर पाटलाच्या माणसांना भेट म्हणून दारू पाजली, आणि सकाळी कोट त्याचा झाला. खरी असो नसो, गोष्ट टिकली कशामुळं ते कळतं. बेटावर पाहुण्याला 'नाही' म्हणणं अवघड, आणि आत घेतलेला पाहुणा बाहेर काढणं त्याहून अवघड.

आतापर्यंतची माणसं आपल्या किंवा आपल्या धन्याच्या निर्णयानं बेटावर गेली होती. पण मुक्कामाची जागा निवडणारा एक आणि तिथं राहणारा भलताच, असं झालं की काय होतं, ते बघायचं तर अंदमानला जावं लागतं.

१७८९मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर या सर्वेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यानं दक्षिण अंदमानच्या एका सुरक्षित बंदरात चॅथम नावाच्या छोट्या बेटावर वसाहत मांडली. तिचं बरं चाललं होतं. पण आरमारासाठी ईशान्येकडचं बंदर जास्त सोयीचं, असं वरच्यांचं मत पडलं आणि १७९२मध्ये सगळं बिऱ्हाड तिकडं हलवलं. तिथं आजारानं माणसं पटापट मरायला लागली. १७९६मध्ये वसाहत गुंडाळली. नकाशावर बंदर उत्तम होतं, जहाजांना. माणसांना ते मानवलं नाही.

साठ वर्षांनी, १८५७च्या उठावातल्या कैद्यांना कुठं टाकायचं असा प्रश्न आला, तेव्हा मौट नावाच्या डॉक्टरच्या अध्यक्षतेखाली समिती अंदमानात जागा बघायला गेली. तिनं ब्लेअरचं पहिलं बंदर निवडलं, म्हणजे आजचं पोर्ट ब्लेअर (सरकारी नाव आता श्री विजयपुरम). १० मार्च १८५८ला जे. पी. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन पोचला आणि त्यांना चॅथमवर उतरवलं. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की इथं पाणी पुरत नाही. मग मुख्य ठाणं रॉस बेटावर हलवलं. पुन्हा तोच प्रश्न, दोनदा चुकून सोडवलेला. फरक एवढाच की या वेळी चुकीची किंमत मोजणाऱ्यांना निघून जाता येत नव्हतं. काहींनी प्रयत्न केला. लाकडाचे ओंडके बांधून खाडी ओलांडायची, जंगलातून चालत राहायचं, पुढं कुठंतरी ब्रह्मदेश असेल. पहिल्या काही महिन्यांतच पळताना पकडलेल्या ऐंशीहून जास्त कैद्यांना वॉकरनं फाशी दिलं.

आणि रॉस? ते पुढं ऐंशीएक वर्षं अंदमानची राजधानी होतं. वाऱ्याच्या उंच जागी मुख्य आयुक्ताचा बंगला, चर्च, बेकरी, टेनिस कोर्ट. कैदी ते बांधत होते. समोरच्या किनाऱ्यावर १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल उभं राहिलं, एकेका माणसाला एकेक कोठडी. महाराष्ट्रातून अंदमानला जाणारे बहुतेक जण तिथं सावरकर बंधूंची आठवण म्हणून जातात, कोठडीसमोर हात जोडतात, संध्याकाळी लाईट अँड साउंड शो बघतात. मग दुसऱ्या दिवशी होडीनं रॉसवर जाऊन वडाच्या मुळांनी गिळलेल्या भिंतींसमोर सेल्फी काढतात. त्या भिंती एका अर्थानं हॉटेलच्याच होत्या: सी व्ह्यू, हवा खेळती, नोकरचाकर भरपूर. १९४१चा भूकंप झाला, १९४२मध्ये जपानी आले, आणि साहेबलोकांचा मुक्काम हलला. आज पर्यटकांना तिथं रात्री राहता येत नाही. संध्याकाळच्या होडीनं सगळे परत.

हे वाचल्यावर मी दादाच्या 'बेटावर कुठं राहता आलं तर'कडं परत वळले. मुंबईजवळच्या घारापुरीला तीन छोट्या वस्त्या आहेत, लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण पर्यटकाला मुक्काम नाही. तिथं समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली ती थेट फेब्रुवारी २०१८मध्ये. गेटवे ऑफ इंडियावरून तासाभराच्या अंतरावर! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासला. सिंधुदुर्गात काही कुटुंबं अजून राहतात, पण लॉज वगैरे काही नाही. मे अखेरीस समुद्र खवळला की पर्यटकांच्या होड्या थेट ऑगस्टनंतरच.

उरलं देवबाग. ते बेट नाही, पण जवळपास आहेच. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची लांबट पट्टी, यायला-जायला एकच रस्ता. दादाचं मन तिथं बसलं होतं. फोटो बघून माझंही बसलं असतं. मतदान झालं: देवबाग सात, मालवण गाव तीन. आण्णांनी मत दिलं नाही. ते म्हणाले, "माझ्यासाठी बेत बदलू नका. मी काय काचेचा नाय." त्यावर खोलीत जी शांतता पसरली, तिला काय म्हणायचं मला माहीत नाही.

मी त्या रात्री गुगल मॅप्सवर देवबागच्या टोकापासून मालवणच्या सरकारी दवाखान्यापर्यंतची वाट मोजत बसले. दिवसा किती, रात्री किती, सुट्टीतल्या गर्दीत किती. तिथून पुढं, हृदयाचं मोठं काही झालं तर, किती. हे आकडे मी ग्रुपवर टाकले नाहीत. फक्त आत्याला दाखवले. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "मला वाळूत चालवत नाय. गुडघं धरत्यात. म्हातारी माणसं आम्ही मालवणात राहतो, तुम्ही पोरं जावा तिकडं पाण्यात." आत्या दरवर्षी पालखीबरोबर वरवंडपर्यंत चालत जाते. तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. आण्णांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं. तुझ्या गुडघ्यांसाठी."

तर आम्ही दोन ठिकाणी राहिलो. मालवणात एका घरातल्या तीन खोल्या, मागं विहीर, पुढं रातांब्याचं झाड, जेवण घरचं. असं घरातच पाहुणे उतरवून घ्यायची रीत आता कोकणात सगळीकडं आहे, सरकारची 'न्याहारी-निवास' योजनाही आहे त्यासाठी. पण मालकीणबाईंची पद्धत योजनेपेक्षा जुनी वाटली: आल्याआल्या तांब्याभर पाणी आणि गूळ. आत्यानं पाण्याचा घोट घेतला, थोडा तोंडात घोळवला, आणि मान हलवली. पोरं देवबागला गेली, दोन रात्री राहिली, डॉल्फिन बघितले की नुसतीच लाट बघितली यावर अजून भांडतात. पैसे मोजले तर फार फरक पडला नाही. सगळे दहा पावलांवर समुद्र असलेल्या खोल्यांत राहिले असते तर जास्त झाले असते, एवढं नक्की. मी मालवणातच राहिले.

तिसऱ्या दिवशी अकराही जण सिंधुदुर्गावर गेलो. होडीवाला लाईफ जॅकेट वाटत होता, भाचा माझ्या मांडीवर. किनाऱ्यावरून किल्ला जवळ वाटतो, पण होडी वळसे घेत खडक चुकवत जाते आणि दरवाजा अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. दादानं सगळ्यांना शिवराजेश्वराच्या देवळात नेलं, मग चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे दाखवले. माहिती त्यानं चांगली पाठ केली होती. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि हा, चारही जलदुर्ग जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्याचंही सांगितलं.

आण्णा मात्र साखरबावेच्या काठावर बसले. शेतकरी माणूस, विहीर दिसली की आत वाकून बघणारच. पाणी कितीवर आहे, कडेचा दगड कसा लावलाय, उन्हाळ्यात कुठवर उतरत असेल. शेजारी किल्ल्यातच राहणाऱ्या एक बाई कोकम सरबत विकत होत्या. आण्णांनी त्यांना विचारलं, पावसाळ्यात होडी बंद झाल्यावर कसं करता? त्या म्हणाल्या, बरेच जण मालवणात उतरतात, आम्ही राहतो. मग मालवणीत, जणू यात विचारण्यासारखं काही नाहीच अशा सुरात, "होवच्या आधी सगळा भरून ठेवतंव."

"आन् पाणी?"

बाईंनी नुसतं विहिरीकडं बोट केलं. मग आण्णांच्या हातातला रिकामा ग्लास घेऊन त्यात रहाटाचं पाणी भरून दिलं. आण्णा ते सावकाश प्यायले, आणि आम्हाला सगळ्यांना एकेक घोट घ्यायला लावला. तेवढ्यात खाली धक्क्यावरून होडीवाल्याची शिट्टी ऐकू आली.